चाकू, बांबू आणि बोट

बदली गडचिरोलीला झाली. परसात बांबूचं बेट माजलेलं. खिशात घडीचा चाकू होता, बी.कॉम. माणसाला आणखी काय लागतं? दुसऱ्याच घावाला पातं मिटलं, थेट माझ्या बोटावर! शेजारचे काका म्हणाले, “साहेब, बांबू आहे जी हा, पेन्सिल नाही!” आणि कोयत्याच्या दोन घावांत त्यांनी तो आडवा केला.

बोटाला पट्टी बांधून इतिहास चाळला. फ्रान्सचे ओपिनेल १८९० पासून घडीचे चाकू करतात. पातं अडवणारं कडं त्यांनी बसवलं १९५५ साली! बोटांचा विचार जगाला उशिराच सुचतो.

बांबूची गोष्ट याहून तिखट. शास्त्रात तो गवत, पण १९२७ च्या वन कायद्यात झाड! म्हणून जंगलातल्या माणसालाच तो तोडायची चोरी. इथल्याच मेंढा-लेखा गावानं २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. २०११ साली आपला बांबू विकायला वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. कायद्यातल्या झाडांच्या यादीतून बांबू वगळला गेला तो २०१७ साली.

एक शब्द छाटायला सरकारला नव्वद वर्षं लागली. मग माझ्या चाकूला काय हसायचं?

आता दारामागे कोयता असतो. चाकू पेन्सिलींना.