तीन काडतुसांचा नियम

जिल्हादंडाधिकारी म्हणून काम करताना शस्त्रपरवान्यांच्या धारिका पुष्कळ हाताळल्या. त्यांत मुख्य प्रश्न असे तो माणसाचा. अर्जदार कोण, चारित्र्य कसे, भय कोणापासून? शस्त्र कोणते, हा प्रश्न १९६२ च्या शस्त्र नियमांनी बराचसा मिटवला होता. पिस्तुले वगळता अर्धस्वयंचलित शस्त्रे त्यांनी प्रतिबंधित वर्गात टाकली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीसाठी बंदूक निवडणे हा विषयच आपल्याकडे उरला नाही.

अमेरिकेत तो उरला. तेथील शासनाने तो कसा हाताळला, हे प्रशासनाच्या अभ्यासकाने पाहण्याजोगे आहे.

एकदा बार उडाला की त्याच धक्क्याच्या बळावर रिकामे काडतूस बाहेर टाकून नवे भरणारी छर्‍याची बंदूक जॉन ब्राउनिंग याने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सिद्ध केली. विंचेस्टर कंपनीने विक्रीवर स्वामित्वधन देण्यास नकार दिला. १९०२ च्या जानेवारीत ब्राउनिंग रेमिंग्टनच्या अध्यक्षांना भेटण्यास गेला, तर तो बाहेर थांबला असतानाच अध्यक्षांचे हृदयविकाराने निधन झाले. अखेर तो बेल्जियमला गेला आणि तेथील एफएन कारखान्यातून ही पाच बारांची बंदूक बाहेर पडली. पुढे १९०५ मध्ये रेमिंग्टननेही तीच रचना बाजारात आणली.

दुनळी बाळगणार्‍या शिकार्‍याला दोन बार मिळत. आता पाच मिळू लागले. पक्ष्यांची स्थिती तर आधीच चिंताजनक होती. प्रवासी कबुतरांतील अखेरची मादी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम हॉर्नडे यांनी या बंदुकांविरुद्ध मोहीम उघडली. पेनसिल्व्हेनिया राज्याने तर १९०७ मध्येच शिकारीत त्यांचा वापर निषिद्ध ठरवला होता.

संघशासनाने मात्र बंदी घातली नाही. १९३० नंतरच्या अवर्षणात बदकांची पैदास खालावली, तेव्हा १९३५ मध्ये नियम झाला की स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा अधिक काडतुसे मावता कामा नयेत. उपाय साधा होता. काडतुसांच्या नळकांड्यात एक अखंड दांडी बसवायची, आणि तीही अशी की बंदूक खोलल्यावाचून निघू नये. मला या नियमाचे कौतुक वाटते ते येथे. रानात उभ्या असलेल्या रक्षकाला कागदपत्र तपासावे लागत नाहीत; तो बंदुकीत काडतुसे सरकवून पाहतो, चौथे आत गेले की गुन्हा सिद्ध. अंमलबजावणीचा असा विचार करून लिहिलेले नियम आपल्याकडे किती आहेत? शिवाय १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न राज्यांच्या वन्यजीवकार्याकडे वळवले, म्हणजे खरेदीदारच संरक्षणाचा देणगीदार झाला.

पाच बारांचा मोह असा आटोपला, तेव्हा निवडीचे निकष बदलले. ब्राउनिंगच्या बंदुकीत काडतूस हलके की भारी, त्याप्रमाणे घर्षणकडी उलटसुलट बसवावी लागे. विसरले तर बंदूक अडे किंवा खांद्याला हिसका देई. १९६३ च्या रेमिंग्टन ११०० ने बारातील वायूवर यंत्रणा चालवून धक्का सौम्य केला. मात्र वायूबरोबर काजळी येते आणि साफसफाई वाढते. शेतातून दिवसभर चालत तितर उठवणार्‍याला वजन कमी हवे, तर एका जागी दबा धरून बसणार्‍याला वजनदार बंदूक चालते, उलट तीच धक्का पचवते.

१९९१ पासून पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छरे देशभर बंद झाले, कारण पाण्यात पडलेले छरे गिळून पक्षी विषबाधेने मरत. पोलादाचे छरे हलके असल्याने ते मोठे घ्यावे लागतात, काडतुसे लांब व जोरकस होतात, आणि जुन्या नळ्यांना ते मानवत नाहीत. म्हणून आजोबांची बेल्जियन बंदूक भिंतीवर राहिली.

१९९९ मध्ये आणखी एक वळण आले. पांढरे रानहंस इतके वाढले की उत्तर ध्रुवाकडील त्यांची कुरणे उजाड होऊ लागली. तेव्हा केवळ त्यांच्यासाठी, ठरावीक काळापुरती, दांडी काढण्याची मुभा मिळाली. तो हंगाम सरला की शिकारी बंदूक खोलतो आणि दांडी पुन्हा आत बसवतो.