छावणीचा बँड आणि ट्रॉम्बोनची खुर्ची

आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे निजामी राज्यातील औरंगाबाद, हे एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटचे एक ठाणे होते. निजामाच्या पैशावर पोसलेली पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणारी ही फौज १८५३च्या तहानंतर वऱ्हाडच्या महसुलावर उभी राहिली आणि १९०३ मध्ये इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. नौबत, म्हणजे ठरावीक प्रहरी वाजणारा नगारा-सनईचा मेळ, शहराला जुना होता आणि नौबत दरवाजाच्या नावात तो आजही टिकून आहे. पलटणींच्या कवायतीचा नाद मात्र पितळी फुंकवाद्यांचा होता, आणि त्या साऱ्या ताफ्याला मराठीने ‘बँड’ या एकाच शब्दात बसवले.

या ताफ्यातील ट्रॉम्बोनची घडण निराळी आहे. ट्रंपेटला तीन कळा असतात, तर ट्रॉम्बोनला एकात एक सरकणारी नळी असते. ती उजव्या हाताने लांबवीत वादक सात मुक्काम घेतो आणि दर मुक्कामाला स्वर अर्ध्या स्वराने उतरतो. नळीवर पडदे नसल्यामुळे जागा सारंगियाप्रमाणे कानानेच शोधावी लागते, आणि मींड तर या वाद्याच्या अंगचीच आहे. असे असूनही वरातीच्या गर्दीतून चालणाऱ्याला हातभर पुढे जाणारी नळी अडचणीची, म्हणून कळांचा ट्रॉम्बोन सोयीचा ठरला. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या नादिर अली कंपनीमुळे नावारूपाला आलेल्या मेरठच्या जाली कोठीत बँडची वाद्ये घडू लागली, तेव्हा विलायतेकडे पाहण्याची गरजही उरली नाही.

युरोपातील वाद्यवृंदात ट्रॉम्बोनवादकाची नोकरी हार्मनीवर, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या निरनिराळ्या स्वरांच्या मेळावर, उभी आहे. बेथोवनच्या १८०८ मधील पाचव्या सिंफनीत तीन ट्रॉम्बोनवादक पहिले तीन भाग गप्प बसतात आणि चौथ्या भागाच्या आरंभी एकदम उठतात. एवढ्या वेळ मात्रा मोजत थांबणे हाही त्यांच्या पेशाचाच भाग. वरातीच्या बँडमध्ये मात्र सारे एकच चाल वाजवतात, आणि युफोनियम हे पितळी वाद्य तीच खालच्या सप्तकात धरते. इथे ट्रॉम्बोनची परंपरा रुजली नाही याचे खापर सहसा गरिबीवर आणि गुरूंच्या अभावावर फोडले जाते. खरे कारण चालीतच आहे, कारण हार्मनीतल्या मधल्या स्वरांना इथे कामच नव्हते.

ते काम मुंबईत निघाले. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना वाद्य हाती येण्याआधी स्वरलिपी वाचायला शिकवीत. त्या शिस्तीतून आलेले वादक मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये उभारलेल्या बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रासारख्या वृंदांत आणि पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात बसले. सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे संयोजक प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद लिहीत, त्यामुळे ट्रॉम्बोनला स्वतःची ओळ मिळाली. संगीतकार राहुलदेव बर्मन यांच्या वृंदातील ब्लास्को मोन्सोरात हे त्या वादकांपैकी एक. सिंथेसायझर आल्यावर त्या खुर्च्या रिकाम्या होत गेल्या, आणि २००६ मध्ये मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला तेव्हा बरेच वादक परदेशातून आणावे लागले.

मराठवाड्यात हलगी-सनई वाजवणाऱ्या मातंगांसारख्या समाजांतील अनेक कुटुंबांनी पितळी वाद्ये आपलीशी केली. बँडमास्तर नवी चाल बहुधा तोंडी, सारेगमच्या नावांनी देतो, पोरगा ती पाठ करतो आणि लगीनसराईच्या सुपारीवर उभा राहतो. ताफ्यात ट्रॉम्बोन असलाच तर तो युफोनियमच्या शेजारी तीच चाल धरतो.