रमण राघव आणि बंद दाराचा प्रश्न

अनुराग कश्यपचा 'रमण राघव 2.0' (2016) पाहिला असेल तर त्याची सुरुवात आठवा. साठच्या दशकात मुंबईत रमण राघव नावाचा खुनी होऊन गेला, एवढं सांगून सिनेमा लगेच म्हणतो की ही गोष्ट त्याची नाही. पहिल्यांदा पाहताना मला हसू आलं होतं. आता या विषयावर काम करताना वाटतं, त्या सिनेमातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट तीच.

आधी घडलं काय ते पाहू. 1965-66 मध्ये पूर्व उपनगरांत, मध्य रेल्वेच्या (जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'जीआयपी'च) कडेने रस्त्यावर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांवर रात्री हल्ले झाले. डोक्यात जड वस्तू घालून मारायचं, ही पद्धत. रमण राघव तेव्हाच पोलिसांच्या हाती लागला होता, पण पुरावा नव्हता म्हणून सुटला. 1968 मध्ये उपनगरांत पुन्हा तसेच खून सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये त्याला अटक झाली. तपासाची सूत्रं रमाकांत कुलकर्णींकडे होती. त्याने 41 खुनांची कबुली दिली, खटला मात्र मालाडमधल्या दोन खुनांचा चालला. हे दोन आकडे टिपणवहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. एक आरोपीचं म्हणणं आहे, दुसरा कोर्टापुढे आलेला आरोप. इंटरनेटवर दोन्हींची सर्रास खिचडी झालेली दिसते. आणि हो, 'सीरियल किलर' हा शब्द तेव्हा रूढच नव्हता. 1968 बद्दल लिहिताना तो वापरलात तर का वापरला ते सांगावं लागेल.

आता त्याच काळातला पडदा बघा. राजा परांजप्यांचा 'पाठलाग' 1964 चा, जयंत देवकुळ्यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा. बायको वारलेला एक वकील, आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी आरोपी बाई, जी म्हणते मीच तुझी बायको. 1966 मध्ये त्याचाच हिंदीत 'मेरा साया' झाला. जुळं रूप, ओळखीबद्दलचा संशय, आठवणींवरचा अविश्वास, कोर्ट, मोठं घर: मानसशास्त्रीय थरारपटाचे बहुतेक संकेत इथे आहेत. म्हणजे ज्या वर्षांत थिएटरात लोक हवेलीतलं रहस्य पाहत होते, त्याच वर्षांत रुळांच्या कडेला माणसं झोपेत मारली जात होती.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. या प्रकाराला घर लागतं. 'सायको'तलं (1960) मोटेल आणि त्यामागचं घर घ्या, किंवा राम गोपाल वर्माच्या 'कौन'मधली (1999) पावसाळी रात्र, घरात एकटी बाई आणि दारावरची बेल. दार उघडायचं की नाही, या एका प्रश्नावर अख्खा सिनेमा उभा राहतो. पण फुटपाथवर झोपणाऱ्याला दारच नाही. जिथे खुनी नुसता चालत येतो, तिथे हा प्रकार भीती रचणार कशी? म्हणून कॅमेरा मेलेल्यांकडून निघतो आणि खुन्याच्या डोक्यात शिरतो. आता घर ते. 2016 च्या सिनेमात तर रमण्णा हा खुनी आणि राघवन हा पोलीस, दोघे मिळून एक नाव पूर्ण होतं. जुळ्या रूपाचा जुना संकेत फार हुशारीने वापरलाय. मारले गेलेले मात्र त्या जोडीला कारण पुरवण्यापुरतेच उरतात. श्रीराम राघवनच्या 1991 च्या 'रमण राघव'मध्ये (रघुवीर यादव) निदान मूळ प्रकरणाशी बांधिलकी आहे.

दुसरा संकेत शेवटाचा. 'सायको'त शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ येतो आणि काही मिनिटांत सगळं समजावून सांगतो. प्रत्यक्षात काय झालं? 1969 च्या खटल्यात डॉक्टरांचंच एकमत नव्हतं. एकाच्या मते तो वेडा नव्हता, दुसऱ्याच्या मते त्याला जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया होता. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 84 तर वेगळंच विचारत होतं: कृत्य करताना ते काय आहे, ते चूक किंवा बेकायदा आहे, हे त्याला कळत होतं का? रोगाचं नाव हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे. फाशी सुनावली गेली, त्याने अपील करायला नकार दिला. उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं, त्यांनी पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या. तो स्वतःला 'कानून'चा प्रतिनिधी समजत होता. 1987 मध्ये शिक्षा जन्मठेपेवर आली आणि 1995 मध्ये तो पुण्यात ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. सुनावणीपासून अठरा वर्षं, आणि तरी 'सायको'च्या शेवटासारखं उत्तर नाही.

माझी आजी भांडुपच्या चाळीत राहायची. ती शपथेवर सांगायची की तो आमच्याच गल्लीतून गेला. मुलुंड, घाटकोपर, मालाड, कुठेही विचारा, प्रत्येकाच्या गल्लीतून तो गेलेला असतो. पहिल्या वर्षी मी हे सगळं 'अविश्वसनीय' म्हणून बाजूला काढलं होतं. चूक माझी होती. तो कुठून गेला याचा तो पुरावा नाही, पण लोक कसे झोपत होते याचा आहे. आजी त्या उन्हाळ्यापासून गच्चीवर झोपली नाही, आणि पुरुष काठ्या घेऊन आळीपाळीने जागत. हे मी तिच्याकडून लिहून घेतलं तेव्हा तारीख टाकायची राहिली.