दिवाळे काढण्याआधीचा हिशेब

स्मरणिकेत कर्जबाजारीपणावर लेख म्हणजे पंगतीत कारल्याची भाजी! पण मराठी माणसाचे या विषयाशी नाते जुने आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने लुटली आणि कर्जरोखे जाळले. या दंग्यांनंतर १८७९ मध्ये 'डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट' आला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले, नादारीचा अर्ज करण्याची सोय झाली. न्यायमूर्ती रानडे यांनीही या कायद्याखाली न्यायाधीश म्हणून काम केले. मला त्यातले एक कलम फार मोलाचे वाटते. रोख्यावरचा आकडा तसाच न धरता कोर्टाने व्यवहार मुळापासून तपासायचा. आधी खरा हिशेब, मग सुटका.

आता सिंगापूरकडे वळू. इथे प्राप्तिकर १९४७ च्या कायद्याने आला आणि १ जानेवारी १९४८ पासून लागू झाला. विवरणपत्र भरलेच नाही, तर करखाते स्वतःच्या अंदाजाने आकारणी करते आणि हरकत घेतली तरी ती रक्कम मुदतीत भरावी लागते. हा अंदाजी आकडा म्हणजे आपला न तपासलेला रोखाच.

धंदा बुडालेला माणूस म्हणतो, "आता दिवाळेच काढायचे, मग जुने फॉर्म कशाला भरू?" मला वाटते, तेव्हाच भरावेत. इथल्या दिवाळखोरीच्या कायद्यात कराच्या देण्याला सामान्य देण्यांच्या आधी जागा आहे. आकडा फुगलेला राहिला, तर ज्या मित्राने हातउसने दिले त्याच्या वाट्याला तेवढे कमी येते. शिवाय आपल्या देण्या-घेण्याचे खरे निवेदन ऑफिशियल असायनीकडे द्यावे लागते. तिथे राहिलेल्या वर्षांची भोके लपत नाहीत. नियमित मिळकत असेल आणि कर्ज दीड लाख डॉलरांच्या आत असेल, तर दिवाळे टाळून पाच वर्षांपर्यंत हप्त्यांनी फेडण्याची योजनाही आहे. पण त्यासाठीही देणे नेमके किती, हे आधी कळायला हवे.

परदेशात अब्रूच्या भीतीने माणूस गप्प बसतो, घरच्यांनाही सांगत नाही. मित्रांनो, पाकिटे न फोडता कपाटात ठेवू नका. जोडीदाराला सांगा, जाणकाराला गाठा, राहिलेली विवरणपत्रे भरा. सुप्याच्या शेतकऱ्याला कागद जाळावे लागले. आपल्याला फक्त ते भरायचे आहेत.