पडदा आणि कागद : रंगाच्या खरेपणाचा मानदंड

प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर पाहिलेले छायाचित्र आणि त्याची छापील प्रत यांचे रंग सहसा जुळत नाहीत. पडदा स्वतः प्रकाश देतो व लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या बेरजेतून रंग घडवितो. कागद मात्र बाहेरच्या प्रकाशावर अवलंबून असतो. त्यावरील सायन, मॅजेन्टा, पिवळी व काळी शाई त्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेते आणि उरलेला भाग डोळ्यापर्यंत पोहोचतो. हे भौतिक कारण सर्वज्ञात आहे. त्यावरील उपाय म्हणून केले जाणारे मॉनिटरचे अंशशोधन, अर्थात कॅलिब्रेशन, ही निव्वळ तांत्रिक बाब मानली जाते. परंतु अंशशोधन करावयाचे तर आधी प्रमाण हवे. ते प्रमाण कोणी, केव्हा आणि कोणाच्या डोळ्यांवरून ठरविले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सतरा जणांचे डोळे

छापखान्यात रंगजुळणीचा निवाडा दीर्घकाळ कारागिराची नजर करीत असे. मूळ चित्र व छपाईचा नमुना शेजारी ठेवून कोणती शाई वाढवावी, कोणती उतरवावी हे तो सांगे. आणि हे ज्ञान बहुधा त्याच्याबरोबरच जाई. नजरेच्या जागी आकडा आणण्याचा निर्णायक प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये डब्ल्यू. डी. राइट यांनी दहा निरीक्षकांवर, तर टेडिंग्टन येथील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत जॉन गिल्ड यांनी सात निरीक्षकांवर १९२० च्या दशकात प्रयोग केले. हात लांब केल्यावर अंगठ्याची जेवढी रुंदी दिसते, साधारण तेवढे, म्हणजे दोन अंशांचे, एक लहानसे प्रकाशित क्षेत्र निरीक्षकाला दाखविले जाई. त्याच्या एका अर्ध्या भागात तपासावयाचा रंग आणि दुसऱ्या अर्ध्यात तीन प्रकाशांचे मिश्रण असे. मधली सीमारेषा नाहीशी होईपर्यंत निरीक्षकाने त्या तिन्ही प्रकाशांचे प्रमाण बदलत राहावयाचे, एवढेच त्याचे काम.

या नोंदींच्या आधारे आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ साली केंब्रिज येथील अधिवेशनात ‘प्रमाण निरीक्षक’ मान्य केला. सतरा जणांच्या सरासरीला मानवी दृष्टीचे प्रतिनिधित्व देणे आज धाडसाचे वाटते. मात्र दोन वेगळ्या प्रयोगशाळांची, वेगवेगळ्या उपकरणांनी मिळविलेली फलिते परस्परांशी चांगलीच जुळली होती, हेही विसरता येत नाही. पुढे १९५१ साली डीन जड यांनी निळ्या टोकाकडील संवेदनशीलता या आकड्यांत कमी धरली गेल्याचे दाखवून दिले. तोवर उद्योगाने ते आकडे स्वीकारले होते. मूळ प्रमाण बदलले नाही.

शर्लीचे कार्ड

प्रयोगशाळेतील या मानदंडाला छायाचित्रांच्या धंद्यात एक व्यावहारिक जोडीदार मिळाला. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी रंगीत प्रती काढणाऱ्या केंद्रांना एक नमुना छायाचित्र पुरवीत असे. त्यात गोऱ्या वर्णाची एक तरुणी आणि शेजारी काही रंगपट्ट्या असत. पहिल्या तरुणीच्या नावावरून ते ‘शर्ली कार्ड’ म्हणून ओळखले गेले. तिची त्वचा ठीक छापली गेली की यंत्र ठीक झाले, असा संकेत होता. सावळ्या व काळ्या चेहऱ्यांचे बारकावे अंधारात हरवत, आणि तो दोष ग्राहकाला छायाचित्रकाराचा किंवा स्वतःच्या वर्णाचा वाटे. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात आणखी एक गोष्ट नोंदविली आहे : तपकिरी छटांबाबतच्या ज्या तक्रारींची दखल घेतली गेली, त्यांत चॉकलेट आणि लाकडी सामान यांच्या जाहिरातदारांच्या तक्रारी होत्या. माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा टेबलखुर्च्यांची तक्रार अधिक परिणामकारक ठरावी, यावर वेगळ्या भाष्याची गरज नाही. अनेक वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड १९९० च्या दशकात आले. त्याआधीच, १९७६ साली, मॅकबेथ कंपनीच्या चोवीस चौकोनांच्या रंगतक्त्यात मात्र पहिलाच चौकोन गडद त्वचेचा आणि दुसरा उजळ त्वचेचा ठेवलेला होता.

पडद्यावरील मतभेद

१९८० च्या दशकाच्या मध्यास डेस्कटॉप प्रकाशन आले आणि छपाईपूर्वीचा निर्णय पडद्यासमोर होऊ लागला. येथे पडद्यापडद्यांतच एकवाक्यता नव्हती. मॅकिन्टॉशवरील प्रतिमा छापील प्रतीच्या जवळ जावी यासाठी ॲपलने गॅमा, म्हणजे मधल्या छटांचा उजळपणा ठरविणारा घातांक, १.८ इतका ठेवला. अन्य संगणकांवर तो २.२ च्या आसपास असे. परिणामी एकच छायाचित्र एका पडद्यावर फिके तर दुसऱ्यावर गडद दिसे. ॲपलने २.२ हे मूल्य स्वीकारले ते २००९ साली. दरम्यान १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय रंग संघाची, अर्थात आयसीसीची, स्थापना केली. प्रत्येक उपकरणाची ‘प्रोफाइल’ तयार करावयाची आणि सर्वांचे भाषांतर एका सामाईक रंगावकाशातून करावयाचे, ही तिची योजना. या रंगावकाशाच्या मुळाशी १९३१ चाच निरीक्षक आहे.

मानके नेहमी विचारपूर्वक घडतात, हा समज ‘ॲडोबी आरजीबी’च्या जन्मकथेने दूर व्हावा. १९९८ साली फोटोशॉपच्या पाचव्या आवृत्तीत दूरचित्रवाणीच्या एका मानकातील आकडे घेण्यात आले. मात्र प्रत्यक्ष वापरातील आकड्यांऐवजी त्याच दस्तऐवजातील आदर्श आकडे उचलले गेले, शिवाय उतरवून घेताना एक चूकही झाली. शाईने छापता येणाऱ्या हिरव्या व निळसर छटा या चुकीच्या रंगावकाशात अधिक सामावतात, असे वापरणाऱ्यांच्या लक्षात आले. तेव्हा आकडे तसेच ठेवून नाव तेवढे बदलण्यात आले.

त्याच काळात पडद्यावरील पट्ट्या शेजारच्या एकसंध रंगात मिसळेपर्यंत नजरेने सरकपट्टी हलविण्याची पद्धत रूढ होती. राइट आणि गिल्ड यांचे निरीक्षक हेच करीत होते. नंतर पडद्यावर टेकवावयाचे मापक स्वस्त झाले. पडद्याची तेजस्विता चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला, पांढऱ्याचे रंगतापमान ६५०० केल्विन आणि गॅमा २.२ ही लक्ष्ये प्रचलित झाली. ‘प्रत काळवंडली’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा छपाईत नसते. कारखान्यातून येणारा पडदाच गरजेपेक्षा फार उजळ असतो. प्रत पाहण्याचा प्रकाशही आयएसओ ३६६४ या मानकाने ५००० केल्विन असा ठरवून दिला आहे.

तथापि विस्तृत रंगक्षमतेच्या नव्या पडद्यांनी जुनी त्रुटी पुन्हा उघड केली. त्यांच्या प्रकाशातील तीन रंगांचे पट्टे अरुंद असल्याने, मापकाच्या लेखी समान असलेले दोन पडदे प्रत्यक्ष डोळ्यांना वेगळे दिसू शकतात, आणि दोन निरीक्षकांचेही त्याबाबत एकमत होईलच असे नाही. म्हणून काटेकोर काम करणारा तंत्रज्ञ मापन आटोपल्यावर छापील प्रत ५००० केल्विनच्या दिव्याखाली ठेवतो, शेजारी पडदा उजळतो आणि पांढऱ्याची अखेरची जुळवणी स्वतःच्या नजरेने करतो.