वाऱ्यावरचा विळा

मंडळी, थंडीत वावटळ आली आणि पायाला अचानक चीर पडली, तर जुन्या जपानात लोक म्हणत, हा कामाइताचीचा वार! विळ्यासारख्या नखांचं, मुंगसासारखं हे जनावर वाऱ्यावर स्वार होऊन येई. चित्रकार तोरियामा सेकिएन यांनी १७७६ मध्ये ते चित्रातही आणलं.

१९९६ मध्ये जपानात 'पोकेमॉन' हा अद्भुत प्राण्यांच्या झुंजींचा व्हिडिओ गेम आला. त्यातल्या वाऱ्याच्या एका हल्ल्याला हेच नाव मिळालं. पहिल्या खेळीत वारा गोळा करायचा, दुसरीत वार करायचा. इंग्रजीत त्याचं 'रेझर विंड' झालं. धार राहिली, जनावर हरवलं.

२०१९ च्या 'स्वोर्ड' आणि 'शील्ड'मध्ये हा हल्ला वापरता येईनासा झाला. पण आजीच्या गोष्टीतलं नाव तोवर जपानी मुलांच्या खेळात नांदलं, हे काय कमी आहे?