खानदेशचें रोशा तेल आणि जिद्दयाचा बाजार

अरबस्तानाचें नांव निघालें कीं डोळ्यांपुढें वाळू, उंट आणि खजूर एवढ्याच वस्तु उभ्या राहतात. त्या देशांत झाड अगदींच नाहीं असें नव्हे. बाभळीच्या जातीचीं कांटेरीं झाडें आहेत, बोरी आहेत, ओढ्याकांठीं झाऊ आहे. पण घरावर तुळई घालावी किंवा गलबताला फळी ठोकावी असें सरळ, टिकाऊ लांकूड त्या उजाड मुलखांत फारसें निपजत नाहीं. खजुराचें खोड तंतुमय असतें. त्याच्या चांगल्या फळ्या निघत नाहींत. म्हणून अरबांना लांकडासाठीं फार प्राचीन काळापासून समुद्रापलीकडे पहावें लागलें, आणि त्यांची दृष्टि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खिळली.

याचा पुरावा भाषेंतच आहे. आपण ज्याला ‘साग’ म्हणतों त्याला अरबी भाषेंत ‘साज’ म्हणतात. संस्कृत ‘शाक’ शब्दाचें हें परदेशीं गेलेलें रूप होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दीनें लिहून ठेविलें आहे कीं, भडोच बंदरांतून इराणी आखाताकडे मोठमोठीं गलबतें तांबें, सागवान, शिसव आणि आबनूस भरून जात. पुढें सातव्या शतकाच्या मध्यास खलीफा उस्मान यांनीं मदिनेच्या मशिदीचा विस्तार केला, तेव्हां तिचें छप्पर सागवानी केलें. कुवेत आणि ओमानांतील सूर येथील सुतार अगदीं विसाव्या शतकापर्यंत मलबारी सागावर गलबतें बांधीत होते.

या व्यापारांत खानदेशचा वाटा काय? सातपुड्यांत साग होता, अंजन होता, तिवस होता. तळोद्याची लांकडाची पेठ खानदेशांत सर्वांत मोठी गणली जाई आणि तेथल्या बैलगाड्यांची ख्याति होती. परंतु ओंडके समुद्रावर न्यावे कसे? तापी खडकाळ आणि उथळ, नौकानयनास निरुपयोगी. मलबारच्या नद्या लांकूड थेट बंदरांत आणून टाकीत. खानदेशाला हें भाग्य नव्हतें. सागाचें लांकूड बहुतेक खानदेशच्या घरांत आणि गाड्यांतच जिरलें. ज्या डोंगराला आपलें लांकूड धाडतां आलें नाहीं, त्यानें आपला सुगंध मात्र धाडला. आणि अरबी बंदरांत खानदेशच्या जंगलाची ओळख पोंचली ती एका गवताच्या तेलामुळें.

हें गवत म्हणजे रोशा. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याला रोहिष म्हटलें आहे. कांहीं ठिकाणीं तिखाडी असेंही म्हणतात. टिपूवरील स्वारीच्या काळांत जनरल मार्टिन या फ्रेंच गृहस्थानें घाटमाथ्यावर त्याचें बीं गोळा केलें, म्हणून शास्त्रीय नांवांत मार्टिनचें नांव चिकटलें. खानदेशांतील ज्या लोकांनीं तें पिढ्यान् पिढ्या कापलें त्यांचें नांव मात्र कोठेंच चिकटलें नाहीं! रोशाच्या दोन जाती मानतात, मोतिया आणि सोफिया. कोरड्या, उघड्या उतारावर वाढणारा मोतिया उत्तम. ओलसर सावलीचा सोफिया हलका. पिंपळनेर, नंदुरबार, शहादें, तळोदें, अक्राणी या बाजूस या तेलाच्या भट्ट्या लागत.

भट्टीची रचना साधी होती. पावसाळा सरला, गवतास तुरे आले, कीं वाहत्या ओढ्याच्या कांठीं जागा धरावयाची. दगडमातीची चूल, तीवर मोठी देग. तींत गवत दाबून भरावयाचें, पाणी घालावयाचें, झांकण मातीनें लिंपावयाचें. झांकणांतून बांबूची नळी निघे. तिचें दुसरें टोंक ओढ्याच्या गार पाण्यांत बुडविलेल्या भांड्यांत सोडीत. वाफ तेथें थिजे आणि पाण्यावर पिवळसर तेल तरंगूं लागे. दोन-तीनशें किलो गवतांतून जेमतेम किलोभर तेल हातीं येई. आंच जरा जास्त लागली कीं तेलास करपट वास आलाच. म्हणून विस्तवापाशीं बसणारा माणूस मुरलेला लागे. जळण अर्थातच त्याच जंगलाचें.

तेल मुंबईस जाई, आणि मुंबईहून तांबड्या समुद्रांतील बंदरांस, मुख्यतः जिद्दयास. जिद्दा हें मक्केचें बंदर. यात्रेकरूंची आणि व्यापाऱ्यांची तेथें नित्य वर्दळ. तेथून हें तेल तुर्कस्तानाकडे चाले. तेथें त्याला ‘इद्रिस तेल’ म्हणत. फ्लूकिगर आणि हॅन्बरी या दोन औषधिशास्त्रज्ञांनीं १८७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या व्यापाराची हकीकत दिली आहे. तुर्की व्यापारी हें तेल लिंबाच्या रसानें आंबट केलेल्या पाण्यांत घुसळीत आणि उन्हांत ठेवीत. त्यानें त्याचा उग्रपणा जाई, रंग फिका पडे. आणि मग तें गुलाबाच्या अत्तरांत मिसळीत! त्या काळीं गुलाबाच्या अत्तराचें माहेर म्हणजे काझानलिक. आज तें बल्गेरियांत आहे, पण १८७८ पर्यंत तेथें तुर्की अंमल होता. एक किलो गुलाबतेलास साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. तेव्हां भेसळ करणारास रोशा किती किफायतशीर पडत असेल हें कोणासही उमजेल.

लबाडीच्या या शास्त्रांत मोठी गंमत आहे. अस्सल गुलाबतेल थंडींत गोठतें, रोशाचें तेल गोठत नाहीं. म्हणून गिऱ्हाईक कुपी गार करून पाही. त्यावर उपाय म्हणून भेसळ करणारे देवमाशाच्या डोक्यांतील मेणासारखा पदार्थ थोडा घालीत. आणि रोशा तरी शुद्ध कोठें असे? त्यांतही वाटेंत टर्पेंटाईन नाहीं तर खोबरेल मिसळलेलें असे. चोरावर मोर म्हणतात तो हा.

ज्या मक्केच्या दाराशीं हें तेल उतरत असे, त्या मक्केचा वृक्षांविषयींचा एक जुना नियम येथें सांगण्यासारखा आहे. मक्केच्या पवित्र हद्दींत झाड तोडावयाचें नाहीं, कांटेरी झुडूपसुद्धां नाहीं, अशी पैगंबरांची आज्ञा प्रसिद्ध आहे. तिला अपवाद एकच, ‘इझखिर’ नांवाच्या सुवासिक गवताचा. सोनारांना तें लागे, घरें शाकारावयास लागे, कबरींस लागे. लोकांची ही गरज सांगण्यांत आली आणि सवलत मिळाली. हें इझखिर आपल्या रोशाचेंच भावंड, एकाच कुळांतलें.

खानदेशांत घडलें तें याच्या उलट. १८७८ सालीं इंग्रज सरकारनें जंगलचा कायदा केला. सातपुड्याचे आणि पश्चिमेकडील डोंगरांचे मोठमोठे भाग राखीव झाले, आणि तेथील गवत, मध, डिंक, पानें हें सारें जंगलचें उत्पन्न म्हणून सरकारच्या मालकीचें ठरलें. बेसुमार तोडीला आळा हवाच होता. आगगाडीच्या स्लीपरांसाठीं जंगलें कशीं उजाड होत होतीं हें त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही दिसत होतें. पण त्या आळ्यांत भिल्ल-पावऱ्यांची पूर्वापार मोकळीक सांपडली. ज्या गवताचा भारा काल आपला होता तो आज परवान्याचा झाला. मक्केंत नियम करतांना गरजूंचें म्हणणें ऐकलें गेलें. येथें तें कोणी विचारलें नाहीं, असें म्हणणें भाग आहे.

१८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईचा माल युरोपच्या बाजारांत थेट जाऊं लागला. जिद्दयाच्या वाटेचें महत्त्व हळूहळू ओसरलें. १८७१ मध्यें याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें रोशाच्या तेलांतून ‘जेरॅनिऑल’ नांवाचें द्रव्य वेगळें काढलें, आणि गुलाबाच्या वासांतही हेंच द्रव्य पुष्कळ असतें असें पुढें सिद्ध झालें. म्हणजे तुर्की भेसळवाल्याचें नाक रसायनशाळेच्या आधींच बरोबर ठरलें होतें! त्यानंतर रोशाला गुलाबाच्या आड लपण्याची गरज उरली नाहीं. ‘पामरोझा’ या स्वतंत्र नांवानें तें साबणांत आणि सुगंधी पदार्थांत उघडपणें पडूं लागलें. आज या गवताची शेतांतून लागवडही होते आणि तेल पोलादी टाक्यांत, बाहेरून आणलेल्या वाफेवर निघतें. देगेच्या बुडाशीं गवत करपण्याची भीति त्यांत उरलेली नाहीं.